अर्नीच्या नावाची बिअर

टॅरिंग्टन, टास्मानिया
६ एप्रिल १९८६

मिसेस पर्टन यांस,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं, आणि तुम्हालाही हे पत्र आलेलं आवडणार नाही. तेव्हा सरळ कामाचं लिहिते.

तुम्ही घर सोडून उत्तरेला बहिणीकडे गेलात, त्या वेळी तुमच्या सामानात अर्नीची बिअरची वही चुकून गेली आहे. निळ्या पुठ्ठ्याची. माल्ट किती, हॉप्सची कडू फुलं किती, उकळायचं किती वेळ, सगळं तिच्यात आहे असं तो म्हणतो. गेल्या वर्षी कंबर दुखते म्हणून त्याने गावच्या वार्षिक प्रदर्शनात बिअर ठेवली नाही. घरच्या बिअरचं पहिलं बक्षीस सलग बारा वर्षं नेणारा माणूस, आणि टेबलावर त्याच्या नावाचं कार्ड नाही. गावाने त्याचा दोष कोणाला दिला ते तुम्हाला सांगायला नको. बेकरीत मला तोंडावर विचारतात, "काय मॅक्सीन, तू आलीस आणि अर्नीची बिअर आटली का गं?"

या नोव्हेंबरात त्याची बिअर त्या टेबलावर असणार आहे. अंगमेहनत मी करीन, डोकं त्याचं आहेच. बावीस वर्षं मी हॉटेलच्या बारमागे उभी राहून नळाची बिअर ओतली आहे, त्यामुळे यात फार काही अवघड असेल असं मला वाटत नाही. तुमची पिंपं आणि रिकाम्या बाटल्या इथे धुण्याच्या खोलीत पडून आहेतच. फक्त वही पाठवा.

मॅक्सीन हॅलम


उल्व्हरस्टन
१५ एप्रिल १९८६

मॅक्सीन,

मिसेस पर्टन या पत्त्यावर कोणी राहत नाही. मी पुन्हा एनिड गार्थ झाले आहे. मिसेस पर्टन व्हायची हौस तुला असेल तर खुशाल हो.

वही चुकून आलेली नाही. वही माझी आहे. अक्षर माझं, त्यावरचे डाग माझे, आणि तिच्यातली एकूण एक बिअर मी केलेली आहे. अर्नीने आयुष्यात कधी बिअर केली नाही. बारा वर्षांत त्याने केलेलं काम एवढंच, की प्रदर्शनाच्या दिवशी तीन बाटल्या गाडीतून हॉलपर्यंत न्यायच्या आणि संध्याकाळी निळी फीत कोटाला लावून लाकूडतोडीच्या शर्यती बघत फिरायचं.

१९७३ साली मी अर्ज घेऊन गेले होते. तेव्हाचे सेक्रेटरी हसले आणि म्हणाले, "बाई, हा विभाग पुरुषांचा. केक आणि मुरंबे पलीकडच्या टेबलावर." तसा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. पण मागे रांग होती, लोक ऐकत होते, मी मान खाली घातली आणि नावाच्या जागी अर्नीचं नाव लिहिलं. वाटलं, या वर्षापुरतं. पुढच्या वर्षी छापील कार्डच आलं त्याच्या नावाचं. तिसऱ्या वर्षापासून तो स्वतःच लोकांना यीस्टबद्दल सांगायला लागला. मला बक्षिसाचं काही नव्हतं, पण त्या कार्डावर माझं नाव हवं होतं आणि अजून हवं आहे. ते मिळालं नाही, याचा राग तुझ्यावरच्या रागाहून जुना आहे.

वही मिळणार नाही. अर्नीला एकदा समोर उभं करून बिअर करायला सांग, आणि मध्ये बोलू नकोस.

एनिड गार्थ


टॅरिंग्टन
४ मे १९८६

मिस गार्थ,

तुमचं पत्र मी अर्नीला वाचून दाखवलं. तो हसून म्हणाला, "एनिड ढवळायची गं. डोकं माझं होतं." टाकलेली बायको नवऱ्याबद्दल काय बोलणार, असं मलाही वाटलं. लपवत नाही.

तरी गेल्या रविवारी त्याला शेगडीपुढे उभं केलं. माल्टचा डबा त्याने फोडला, पातेलं भरून काढा उकळला, हॉप्स टाकले, सगळं मोठ्या रुबाबात. मग पातेलं खदखदत असतानाच यीस्टची पुडी फाडून आत ओतली. मी तुमच्या सांगण्याप्रमाणे मध्ये बोलले नाही. पिंपात भरलं, झाकण लावलं, झाकणावरच्या नळीतून बुडबुडे यायची वाट पाहत आम्ही सात दिवस बसलो. एक बुडबुडा आला नाही. आज सकाळी मी ते सगळं मोरीत ओतलं. तो म्हणतो यीस्ट शिळं होतं. पण बारवाल्या बाईला थाप कळते. इतकी वर्षं पुरुषांच्या थापाच ऐकल्या आहेत मी.

तर तुमचं खरं असावं. त्यामुळे तुमच्याबद्दल मला काही वाटायला लागलं असं समजू नका. मला प्रदर्शनापर्यंत बिअर हवी आहे आणि ती आता मलाच करावी लागणार. यीस्ट कधी घालायचं, तेवढं सांगा.

मॅक्सीन


उल्व्हरस्टन
११ मे १९८६

मॅक्सीन,

उकळत्या काढ्यात यीस्ट घालणं म्हणजे त्याला जिवंत शिजवणं. धुण्याच्या हौदात गार पाणी भरून त्यात पातेलं उभं करायचं. मनगटाची आतली बाजू पातेल्याला लावली आणि ना ऊन ना गार लागलं, की यीस्ट घालायचं. त्याआधी पिंप, पळी, नळी, झाकण, सगळं पावडरीच्या पाण्याने निर्जंतुक करायचं. तुझ्या बारमध्ये फडकं फिरवायचात तसं नाही.

मग झाकण लावायचं आणि हात काढून घ्यायचे. हे तुला जमणार नाही. तुला नळ ओढला की ग्लास भरलेला लागतो. तयार घर, तयार बाग, सत्तावीस वर्षं दुसरीने सवयी लावलेला तयार नवरा, सगळं तुला ओतून ठेवलेलं मिळालं. बिअर तशी मिळत नाही. ती तिच्या वेळेने होते आणि आपण बाजूला उभं राहायचं असतं.

पुढचं सगळं मी पायरीपायरीने लिहून पाठवीन. वहीही पाठवीन. अट एकच. प्रदर्शनात ती बिअर माझ्या नावाने ठेवायची. कार्डावर एनिड गार्थ. मान्य नसेल तर माल्टच्या डब्यावर छापलेलं वाचून काय ते कर.

एनिड


टॅरिंग्टन
१९ मे १९८६

एनिड,

तुमची अट चार वेळा वाचली, कारण पहिल्या वेळी विश्वास बसला नाही. पिंप मी धुवायचं, काढा मी उकळायचा, सहा महिने मी जपायचं, आणि कार्डावर नाव तुमचं? अर्नीने तुमच्याशी जे केलं तेच तुम्ही माझ्याशी करायला निघालात. त्याने निदान गोड बोलून केलं.

अट मान्य नाही. कार्डावर अर्नीचं नाव असेल की माझं, ते मी ठरवीन. तुमचं नसेल. डब्यावर लिहिलेलं वाचून मी करीन.

तुमची बाग मी तयार घेतली म्हणता. तिथे नुसतं गवत माजलं होतं. डॅफोडिल्स मीच लावले.

मॅक्सीन


टॅरिंग्टन
१३ जुलै १९८६

एनिड,

दोन महिने तुमचं पत्र नाही, आणि मी काही डोळे लावून बसले नव्हते. कळवायला आनंद वाटतो की बिअर झाली आहे.

जूनच्या पहिल्या तारखेला पिंप भरलं. मनगटाचं तुमचं मी वापरलं, तेवढं श्रेय घ्या. दुसऱ्याच दिवशी असे बुडबुडे सुरू झाले की अर्नी खोलीत येऊन खुर्ची टाकून बसला आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवायला लागला. पाच दिवस चाललं. मग हिवाळ्याचा कडाका पडला, नळ गोठले, आणि बुडबुडे थांबले. थांबले म्हणजे आंबून झालं, असं डब्यावर लिहिलंय. दोन दिवस वाट पाहून बाटल्या भरल्या, प्रत्येकीत सपाट चमचा साखर, वर बूच. चाळीस बाटल्या झाल्या. धुण्याच्या खोलीत उत्तरेच्या उन्हाच्या भिंतीला, पत्र्याखालच्या फळीवर ओळीने ठेवल्या आहेत. छान दिसतात.

काल न राहवून एक उघडली. फेस नाही, आणि चवीला गोड आहे, सरबताकडे झुकणारी. अर्नी म्हणतो अजून साखर घाला. त्याचं ऐकून एकदा हात पोळले आहेत. तुम्हाला विचारायचं माझ्या जिवावर येतंय, पण विचारते. काय करू?

मॅक्सीन


उल्व्हरस्टन
२१ जुलै १९८६

मॅक्सीन,

काही करू नकोस. साखर घालू नकोस, उघडू नकोस, हलवू नकोस. जिथे आहेत तिथेच राहू दे. फेस आपोआप येईल. तुला धीर धरायला शिकायचं होतं ना, ते आता शीक.

एनिड


टॅरिंग्टन
२८ सप्टेंबर १९८६

एनिड,

हे पत्र डाव्या हाताने लिहिते आहे, तेव्हा अक्षर वाकडं असेल. वाचा.

मी धीर धरला. नऊ आठवडे त्या खोलीत फक्त कपडे धुवायला गेले आणि बाटल्यांकडे बघून बाहेर आले. अर्नी रोज म्हणायचा, एक उघडून बघू. मी त्याच्या हातातून उघडणी काढून घेतली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. बिअरच्या बाबतीत तरी आपण शिकलो, असं वाटायला लागलं होतं.

बुधवारी उन्हाचा पहिला चटका बसला. दुपारी धुण्याच्या खोलीचा पत्रा तापला. मी पिळलेले कपडे टोपलीत भरत होते, इतक्यात एक बाटली फुटली. मला वाटलं, पडली असेल. दुसरी फुटली तेव्हा कळलं. बाकीच्या वाचवाव्यात म्हणून मी एक उचलली आणि ती माझ्या हातात फुटली. उजव्या तळहातात एकोणीस टाके आहेत. आतली शीर तुटली होती, ती डॉक्टरांनी जोडली, पण दोन बोटं पूर्ण मिटतील की नाही ते सांगता येत नाही म्हणतात. मी खाली बसून होते आणि वर एकेक फुटत होती. एकतीस फुटल्या. उरलेल्या अर्नीने झाडूच्या दांड्याने फोडल्या.

काल हॉबार्टला, बिअरचं सामान विकणाऱ्या दुकानात फोन केला. माझी चूक काय झाली ते मला जाणून घ्यायचं होतं. सगळं ऐकून त्या माणसाने पहिलाच प्रश्न विचारला, जुलैत उघडलीस तेव्हा गोड लागत होती का? हो म्हटल्यावर तो म्हणाला, "बाई, गोड म्हणजे आंबणं अर्धवट राहिलं होतं. गारठ्याने यीस्ट नुसतं झोपलं होतं, ऊब लागताच जागं होऊन बंद बाटलीत गॅस करणार. तेव्हाच सगळ्या उघडून टाकायच्या. हे कोणाला विचारलं नाहीस?"

मी विचारलं होतं. मला एवढंच हवंय, तुम्हाला तेव्हा माहीत होतं का? खरं लिहा. खोटं लिहिलंत तर मला कळेल.

मॅक्सीन


उल्व्हरस्टन
३ ऑक्टोबर १९८६

मॅक्सीन,

माहीत होतं.

"गोड" हा शब्द वाचला तेव्हाच कळलं. धुण्याच्या त्या खोलीत मी सत्तावीस वर्षं काढली आहेत. उत्तरेच्या भिंतीवर ऊन कधी येतं, पत्रा कधी तापतो, मला कॅलेंडर बघावं लागत नाही. वसंतात त्या फुटणार हे मला ठाऊक होतं. माझ्या डोळ्यांपुढे ओली भिंत होती, काचा होत्या, शेजाऱ्यांसमोर तोंड लपवणारा अर्नी होता. तुझा हात नव्हता. पण असायला हवा होता. त्या खोलीत जाणारी तूच आहेस हे मला माहीत होतं.

मी तुला थांब म्हटलं. कोणत्याही नवशिक्याला हेच सांगतात, आणि शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा ते बरोबर असतं. म्हणून ते लिहिताना मला बरं वाटलं. पत्र टाकून परत येताना मी खुशीत होते, हेही लिहिते. माझी बहीण हेझल हिला काल सगळं सांगितलं. ती माझ्याशी जेवणापुरतंसुद्धा बोललेली नाही. मला माझी लाज वाटते. माफी मागते, पण माफी मागून बोटं मिटत नाहीत हे मला कळतं.

सोबत वही पाठवते आहे. लोकरीत गुंडाळलेला काचेचा तरंगकाटाही आहे. तो काढ्यात सोडायचा. काढा जितका गोड, तितका काटा वर उचलला जातो. आंबत जाईल तसा खाली बसतो. बुडबुड्यांवर कधीच जायचं नाही. दोन दिवस ओळीने काटा त्याच खुणेवर थांबला आणि ती खूण वहीत लिहिलेल्या आकड्याशी जुळली, तरच बाटल्या भरायच्या. काटा थांबला पण आकड्याच्या वर थांबला, तर यीस्ट झोपलंय. पिंप ब्लँकेटमध्ये गुंडाळून उबेला ठेवायचं. हे मी तुला मे महिन्यात सांगायला हवं होतं. काटा मी मुद्दाम बरोबर आणला होता.

प्रदर्शन २९ नोव्हेंबरला आहे. या आठवड्यात पिंप भरलंस तर कशीबशी होईल. पान चौदावरची कर, ती लवकर मुरते. माझी अट मी मागे घेते. जिने हाताने केलं तिचं नाव. ते तू म्हणालीस तेव्हाच बरोबर होतं, मला ते सहन झालं नाही.

एनिड


टॅरिंग्टन
२६ ऑक्टोबर १९८६

एनिड,

माफी मी घेतलेली नाही. ती तुमच्याकडेच ठेवा. खरं लिहिलंत तेवढ्यावर हे उत्तर आहे.

पान चौदावरची ७ तारखेला केली. डाव्या हाताने ढवळली. पातेलं उचलायला अर्नीला बोलावलं, तर त्याने वाटेभर सांडवली. पिंप चुलीमागच्या कोपऱ्यात ब्लँकेटमध्ये. दहाव्या दिवशी बुडबुडे थांबले. तेव्हा माझा हात बुचांकडे गेलाच होता. मग काटा सोडला. तो आकड्याच्या चार खुणा वर होता. डब्याचं ऐकलं असतं तर पुन्हा तेच घडलं असतं. ब्लँकेटवर अजून एक ब्लँकेट घातलं. रोज सकाळी काटा बघायचा, वहीत लिहायचं, झाकण लावायचं. असे सहा दिवस. मला वाटायचं धीर धरणं म्हणजे डोळे मिटून बसणं. तसं नाही. रोज नीट बघायचं आणि तरीही हात लावायचा नाही. मंगळवारी आणि बुधवारी काटा एकाच खुणेवर होता. गुरुवारी बाटल्या भरल्या.

आता एक सांगते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, आणि तुम्हाला सांगायचं तर नव्हतंच. १९८३ च्या हिवाळ्यात अर्नी हॉटेलच्या मागच्या अंगणात मला भेटायला आला तेव्हा कोटाच्या आत एक बाटली होती. म्हणाला, "ही तुझ्यासाठी केली. सहा महिने मुरवली, रोज बघायचो, पण उघडली नाही." मी बारमागे आयुष्य काढलं आहे. माझ्यापुढे जो तो घाईत असायचा. कोणीतरी माझ्यासाठी सहा महिने थांबलं, एवढ्या एका गोष्टीवर मी भुलले. ती बिअर मी अजून विसरलेले नाही. पुढे दर पंधरवड्याला तो एक आणायचा.

काल मी या बॅचमधली उरलेली अर्धी वाटी प्यायले, फेस नसलेली. चव तीच होती. म्हणजे ती तुमची होती. अर्नीला चहा मुरायलासुद्धा थांबवत नाही.

कार्डाचा अर्ज भरायचा आहे. तो म्हणतो माझं नाव घाल, लोक माझं नाव बघायला येतात.

मॅक्सीन


उल्व्हरस्टन
२ नोव्हेंबर १९८६

मॅक्सीन,

त्या वर्षी माझ्या मोजणीत बाटल्या कमी भरायच्या. वहीत पान एकवीसवर बघ, समासात प्रश्नचिन्हं आहेत. मला वाटायचं माझं वय झालं, मोजायला चुकते. डॉक्टरांना विचारायला गेले होते. अर्नी बरोबर आला होता आणि माझा हात धरून बसला होता.

मी त्या बिअरवर सहा महिने राखण केली, आणि त्याने ती तुला दिली. तुझ्यावर अजून चिडावं की तुझी कीव करावी, मला ठरवता येत नाही. सध्या चिडते आहे. तेच सवयीचं आहे.

अर्जावर कोणाचं नाव घालायचं ते तू ठरव. फक्त रांगेत मागचे लोक ऐकताहेत म्हणून घाई करू नकोस. मी केली होती.

बाटल्या प्रदर्शनाच्या सकाळपर्यंत उभ्या ठेव, गाळ तळाशी बसू दे.

एनिड


टॅरिंग्टन
१ डिसेंबर १९८६

एनिड,

तिसरा नंबर आला. कार्डावर नाव मॅक्सीन हॅलम.

हॉलमध्ये काय झालं ते इतरांकडून तिखटमीठ लावून कळेल, म्हणून मीच लिहिते. या वर्षी अर्नी कमिटीवर आहे, निकाल तोच वाचतो. पहिला आणि दुसरा झाल्यावर त्याने माझं नाव वाचलं आणि माईकवर म्हणाला, "शिष्या तयार होतेय. अजून थोडं शिकवावं लागेल." लोक हसले. परीक्षक बाहेरगावचे होते, तेसुद्धा मान डोलवून म्हणाले की चवीत अर्नी पर्टनचा हात ओळखू येतो. मी फीत घ्यायला वर गेले होते. माझं नाव कार्डावर होतं, आणि तरी ती बिअर सगळ्यांच्या तोंडात अर्नीचीच होती. बारा वर्षं तुमचं काय झालं असेल ते मला तेव्हा कळलं.

माईक त्याच्या हातात होता. मी डाव्या हाताने काढून घेतला आणि म्हणाले:

"अर्नीने मला काही शिकवलेलं नाही. त्याला बिअर करता येत नाही. बारा वर्षं तुम्ही ज्या बाटल्यांना पहिला नंबर दिलात त्या एनिड गार्थने केलेल्या होत्या. मी तिच्या वहीवरून शिकले. ती मला आवडत नाही आणि मी तिला आवडत नाही, तेव्हा हे मी कौतुकाने सांगत नाही. खरं आहे म्हणून सांगते."

बाहेर लाकूडतोडीच्या कुऱ्हाडींचे आवाज येत होते. मग केकच्या टेबलामागून मिसेस टिब्स म्हणाल्या, "आम्हाला माहीत होतं की." म्हटलं, केव्हापासून? त्या म्हणाल्या, "पहिल्या वर्षापासून. रांगेत एनिडच्या मागे मीच होते." मग आजवर बोलला का नाहीत, असं विचारलं, तर त्या चाकू पुसत बसल्या. शेवटी म्हणाल्या, एनिड स्वतःच गप्प होती, आपण कशाला मध्ये पडा.

अर्नी तीन दिवस माझ्याशी बोललेला नाही. इथे राहायचं की हॉटेलवरच्या माझ्या जुन्या खोलीत परत जायचं, ते अजून ठरवलेलं नाही, आणि ठरवायची घाईही नाही. त्याला भेटले तेव्हा केली होती.

हे मी तुमच्यासाठी केलं असं समजू नका. बोटं अजून मिटत नाहीत.

मॅक्सीन


उल्व्हरस्टन
८ डिसेंबर १९८६

मॅक्सीन,

तुझं पत्र बागेत उभ्यानेच वाचलं, मग आत येऊन पुन्हा वाचलं. नंतर हेझलला दिलं. तिने ते मोठ्याने वाचायला घेतलं, आणि हॉलमध्ये तू माझं नाव घेतलंस तिथे आली, तेव्हा मला रडू फुटलं. सत्तावन्न वर्षांची बाई मी, हुंदके देऊन रडले. हे तुला कळवायचं नव्हतं. पण जुलैत तुझ्यापासून जे लपवलं त्यानंतर मला तुझ्यापासून काही लपवायचा हक्क राहिला नाही.

त्या रांगेत माझ्या मागे कोण होतं ते मला आजपर्यंत माहीत नव्हतं. बारा वर्षं मी समजत होते की ते लोक मला हसताहेत. त्यातली एक तरी सगळं जाणत होती आणि माझ्याच तोंडाकडे बघत होती. मी तेव्हा एक वाक्य बोलायला हवं होतं. ते माझ्या वतीने तू बोललीस. तू बोलावंस याचं मला वाईट वाटतं. आणि आभार मानते. दोन्ही खरं आहे.

अर्नीबद्दल मी तुला माफ केलेलं नाही. हाताबद्दल तू मला करू नकोस. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला असेल तो टाळू नकोस, कोमट पाण्यात हात बुडवून करायचा, दिवसातून तीन वेळा. दुखतं म्हणून सोडलास तर बोटं तशीच राहतील.

आता तिसऱ्या नंबरचं. फुटतील या भीतीने तू बाटल्या थंड जागी ठेवल्या असशील, मग फेस कमी पडला असणार. आणि पान चौदा ही घाईची बिअर आहे, तिला पहिला नंबर कधीच मिळत नाही. मी तुला ती करायला सांगितली कारण दिवस उरले नव्हते, आणि ते दिवस मी घालवले होते. तुला पान तीस करायला हवं. त्याला आठ महिने लागतात. मार्चमध्ये हॉप्सची तोडणी संपली की सुरू कर, आधी नको.

मीही मार्चमध्येच पिंप भरणार आहे. हेझलच्या शेडमध्ये जागा केली आहे. पान तीस मला पाठ आहे, तेव्हा वही तुझ्याकडे असल्याने मी मागे पडेन असं समजू नकोस. पुढच्या नोव्हेंबरात तीन बाटल्या घेऊन मी स्वतः टॅरिंग्टनला येईन, आणि कार्ड माझ्या हाताने लिहीन. तुला हरवायचा माझा पक्का विचार आहे. पण मी आले आणि शेजारी तुझी बाटली नसली, तर मला फार राग येईल.

एनिड गार्थ